रिकामं गायरान

९ जानेवारी, शुक्रवार
पंचायतीत जिल्ह्याचे साहेब. सरपंच मी, मधली खुर्ची माझी. साहेब बोलले मात्र सगळं ह्यांच्याकडे बघून. शेवटी हेच म्हणाले, "साहेब, सरपंच त्या आहेत." मग पुन्हा पहिल्यापासून सुरू, आता सावकाश, मी बालवाडीत असल्यासारखं.
मुद्दा: सरकार आपल्या गायरानावर डिजिटल माध्यमांचं संकुल बांधणार. स्टुडिओ, एडिटिंगच्या खोल्या, नवा धंदा करणाऱ्यांना कमी भाड्यात गाळे, त्यातले काही गावच्या मुलांना. सव्वीसच्या ग्रामसभेचा ठराव हवा.
लेकीला, स्नेहलला सांगितलं तर घास हातात तसाच. दोन बस बदलून शहरात जाते पोरगी, लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापत बसते. स्वतःचं ऑफिस, तेही घरापासून चालत! मीही हरखले. खोटं कशाला लिहू.

१३ जाने., मंगळ.
भोगी. थोरल्या जाऊबाईंना भाकरी-भाजी द्यायला गायरानावर गेले. सहा म्हशी, दूध लवळ्याच्या कॉलेजच्या कँटीनला. दीर गेल्यापासून त्यांचं घर त्यावरच. विषय काढायचा होता. गुडघेदुखी, सुनेच्या तक्रारी, सगळं बोलून झालं, तेवढंच राहिलं. भित्री मी. शेवटी त्यांनीच काढला.
"गायरान चाललं म्हन की."
"आजून ठरलं न्हाई."
"ठरलंच आसंल. तुजं तोंड सांगतंय."

१७ जाने., शनि.
ग्रामसेवक भाऊसाहेब ठरावाचा मसुदा घेऊन आले. "सदर जागा पडीक व विनावापर असून..." म्हटलं, तिथं जाऊबाईंच्या म्हशी चरतात.
"मॅडम, चराई लिहिली की बदली जागा दाखवावी लागते. गावात उरलीय का? मग संकुल जाईल दुसऱ्या तालुक्यात."
चूक नाही बोलले. खालचं वावर आम्हीच प्लॉट पाडून विकलं, तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलणार. म्हटलं, ठेवा, वाचते. ते पेनचं टोपण काढूनच बसले होते. चेहरा बघण्यासारखा झाला.

२० जाने., मंगळ.
साहेबांचा स्नेहलला फोन. गावच्या जागेची फिल्म गावच्या मुलीनंच करावी, ग्रामसभेत पडद्यावर दाखवायची. तिचं पहिलं स्वतःचं काम! मैत्रिणीचा ड्रोन आणला. जाऊबाई ठेवणीतलं पातळ नेसून म्हशींपुढे उभ्या. म्हशींच्या पण अंघोळी झालेल्या. हसून हसून पुरेवाट.

२४ जाने., शनि.
दुपारी स्नेहलनं फिल्म दाखवली. देखणी केलीय. डोंगर, पिवळं गवत, त्यावरून सरकणारी ढगाची सावली, मग त्याच जागी काचेच्या इमारती उभ्या राहतात. जाऊबाई कुठेच नाहीत.
"मोठी आई कुठाय गं?"
"काढली."
"काढली म्हणजे?"
"पुसता येतं, आई. साहेब म्हणाले, जागा रिकामी दिसायला हवी."
"आणि म्हशी?"
"त्या पण."
त्या उभ्या होत्या तिथं तिनं गवत भरलंय. स्क्रीनला नाक लावून पाहिलं, काही कळत नाही. पोरीच्या हाताचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी लाज वाटली. ओरडले तिच्यावर.
"तुझ्या ठरावात विनावापरच लिहिलंय ना? मग मी काय वेगळं केलं?"
न जेवता उठून गेली.

२५ जाने., रवि.
महिला सभा. वाटलं होतं जाऊबाई भांडतील. उठल्या, कमरेवर हात.
"द्या बाई जागा. पोरींनी किती दिस बसला लटकायचं? म्हशी इकीन मी, गुडघं बी ऱ्हायलं न्हाईत. पन हितं कोन न्हवतं आसं कागदावर लिऊ नगा. आट्ठावीस वर्सं मी काय झोपा काढल्या व्हय?"
बायका हसल्या. मीही हसले. भाऊसाहेब म्हणाले, भावना नोंदवून घेतो. लिहिलं काहीच नाही.
जागा द्यायला त्या तयार आहेत. आणि त्या मागतायत तेवढं एक खरं लिहिलं तर जागा देताच येत नाही. कुणाला सांगू हे? भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जाने., सोम., सकाळ
झेंडावंदन झालं. सभा अकराला. ठराव मांडीवर घेऊन बसलेय. तो शब्द खोडला तर पोरीचं ऑफिस गेलं. ठेवला तर जाऊबाईंची आख्खी वर्षं माझ्या सहीनं... ह्यांना विचारलं तर म्हणे, "सरपंच तू." साहेबांना सांगितलं तेच आता मला.
स्नेहल आली. माझ्याकडे न बघता पेनड्राइव्ह ठरावावर ठेवला.
"दोन फाइल आहेत. एकीत मोठी आई आहे, परत घातली. कुठली लावायची ते तू सांग."
दहा चाळीस. भाऊसाहेबांचा फोन. पडदा लागलाय, माणसं जमतायत. जाऊबाई केव्हाच येऊन पुढच्या सतरंजीवर बसल्यात. आज आपण पडद्यावर दिसणार म्हणून शेजारपाजारच्या बायकांनाही सोबत आणलंय म्हणे.