ज्याच्या नावाने त्याची अक्षरं

सोमवार, ३ जून

अक्षरं आहेत की मुंग्या! कुठल्या वॉर्डात किती चादरी धाडल्या ते आता दवाखान्याच्या लाँड्रीत कॉम्प्युटरवर भरायचं. काल ऑपरेशनच्या चादरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या म्हणे. मुकादमीण माझ्यावरच खेकसली, "पुन्हा असं झालं तर तू मशीनवर!" दिसत नाही म्हणून ओरडत असते ना मी, मग चूक माझीच! पण मशीनवर मी नाही जायची. त्या वाफेत माझे गुडघे भोपळ्यासारखे सुजतात.

बुधवार, ५ जून

दुपारपाळीला याच खुर्चीवर माझी मोठी जाऊ बसते. तिला म्हटलं, अहो जाऊबाई, अक्षरं मोठी करून ठेवूया का? तर म्हणे, "मला बारीकच बरी दिसतात गं. मी काय तुझ्यासारखी म्हातारी झालेय?"

ऐका! माझ्या लग्नातच हिचे केस पिकले होते!

गुरुवार, ६ जून

कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, "मावशी, याच्या पोटात प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कप्पा असतो. रजिस्ट्री म्हणतात. तुमच्या कप्प्यात मोठी अक्षरं ठेवू, त्यांच्या कप्प्यात बारीक. एक स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे हुकमांची चिठ्ठी. ती चालवली की काम झालं."

मग इतके दिवस काय झोपला होतास? — विचारलं. नुसता हसला. निर्लज्ज!

शुक्रवार, ७ जून

चिठ्ठी चालवली. माझ्या मुंग्या जागच्या जागी!

का? तर हा शहाणा स्वतःच्या नावाने आत शिरला नि तिथूनच चिठ्ठी चालवली. मोठी अक्षरं गेली याच्या कप्प्यात! माझ्या ताटात वाढायला आला नि स्वतःच जेवून उठला.

शनिवार, ८ जून

मुकादमीण पाठीमागे उभी. मला काही दिसेना, अंदाजाने बटणं दाबली. थोडक्यात बचावले.

सोमवार, १० जून

आता चिठ्ठी अशी, की जो ज्या नावाने आत येईल त्याचं त्याला मिळेल. मी आत गेले. मुंग्याच! वॉर्डापर्यंत ऐकू जाईल एवढी ओरडले.

"मावशी, नाव कुठलं टाकता?"

"जाऊबाईंनी शिकवलं तेच. मला कुठे इंग्रजी येतं? बोटांना पाठ आहे."

त्याने बघितलं नि पोट धरून हसला. नाव जाऊचं, पासवर्ड जाऊचा! "मावशी, तुम्ही या कॉम्प्युटरात अजून आलाच नाहीत की!"

म्हणजे इतके दिवस मी तिच्याच कप्प्यात नांदत होते. घरात एक चूल, इथेही तेच!

मंगळवार, ११ जून

कॉम्प्युटरवाल्याने माझं नाव नि पासवर्ड बोटांना शिकवला. माझ्या नावाने आत गेले. अक्षरं ही एवढाली! वॉर्ड वाचला, आकडा वाचला, कोपऱ्यात मराठीत लिहिलेलं माझं नावही वाचलं. उगाच दोनदा.

शुक्रवार, १४ जून

आज पुन्हा चुकीच्या चादरी परत आल्या. मी चवताळून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, बघ म्हटलं कोणाच्या नावावर. माझ्या नावावर एकही चूक नाही. सगळ्या दुपारच्या.

मुकादमीण यायच्या आत त्याला म्हटलं, जाऊबाईंच्या कप्प्यातही मोठी अक्षरं घाल. तिला विचारू नकोस. आपोआप झालं म्हणून सांग.