भांड्यांवरच्या चिठ्ठ्या

पनवेल, मंगळवार, ८ मार्च १९९४

तीर्थरूप वन्संना,

प्रमिलाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल जिरवताय, की बाटली फळीवर ठेवून नुसती तिच्याकडे बघताय? (प्राजक्ता, आजीला पत्र मोठ्यानं वाचून दाखव. कंसातलंही वाचायचं.)

तुळशीराम भावजी येत्या रविवारी उरणला येतील आणि झाला प्रकार सांगतील. त्यात पंच कमी आणि मी जास्त असेन, म्हणून आधी मीच लिहिते. इथल्या नव्या इंग्रजी बालवाडीत मदतनिसाची जागा आहे. सोमवारी मुलाखत. बाई इंग्रजीतून सोपे प्रश्न विचारणार, हे काय, कुठे आहे, कोणत्या रंगाचं आहे. हे गेल्यापासून शिवणावर घर चाललंय, तक्रार नाही, पण मशीन दिवसभर एकच बोलतं. पोरं निदान वेगवेगळं बोलतील. म्हणून ती जागा मला हवी आहे.

दुपारी काशीराम मास्तर माझी आणि शेजारच्या जमिलाची उजळणी घेतात. (जमिलाचे मिया आखातात आहेत. त्यांच्या कंपनीचे कागद तिला स्वतः वाचायचेत, कारण वाचून देणारे आधी गल्लीला सांगतात, मग तिला.) मास्तर म्हणाले, घरातल्या वस्तूंवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लावा, जाता-येता पाठ होतं. मी खळ शिजवली आणि कपाटापासून कढईपर्यंत सगळ्यांना नावं डकवली. माठावरची रोज ओली होऊन गळायची, त्यामुळे तो शब्द मी सोळा वेळा लिहिला आणि झोपेतही सांगेन. पाटा-वरवंट्याला नेमका शब्द मास्तरांनाही सुचेना, तेव्हा इंग्रजीत ‘दगड एक’ आणि ‘दगड दोन’ लिहिलं.

शनिवारी भावजी वालाच्या शेंगा घेऊन आले. भिंतीभर नजर फिरवली, अर्धा चहा ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं साखर कमी पडली. पण जासईला त्यांच्या शेजारी भावाभावांची वाटणी झाली, तेव्हा भांड्यांवर अशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या म्हणे. भावजींना इंग्रजी येत नाही, म्हणजे नाव कोणाचं ते कळेना, आपलं नसणार एवढं मात्र कळलं. रविवारी दोन पंच घेऊन दारात.

“वैनी, वाटणी करायची तं सरळ सांगायची. भाऊस गेला म्हणून आमी परके झालो काय?”

वन्सं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आलेलं हसू तिथंच विरलं.

मी सांगून कोणाला पटेना. मास्तरांना बोलावलं, तर ते म्हणाले, जिनं लिहिल्या तीच वाचेल. मग काय, मी पदर खोचला आणि एकेका वस्तूपुढे उभी राहून इंग्रजीतून बोलत सुटले. ही कढई आहे. कढई काळी आहे. कढई फळीवर आहे. थोरले पंच दर वाक्याला विचारत होते, “पन कोनाला?” दाराशी गल्ली जमली, जमिला ओढणीत तोंड खुपसून हसत होती. दगडांपाशी आलो तेव्हा पंचांनी निवाडा दिला, हे दोन एकाच घरात राहू द्या. मी एकदाही अडखळले नाही. मास्तर म्हणाले, सोमवारी बाई याहून जास्त काय विचारणार?

शेवटी भावजींनी खुंटीवरचा यांचा शर्ट दाखवून विचारलं, याला चिठ्ठी नाय? तो शब्द मला येतो, वन्सं. पण डकवायला शर्ट खाली काढावा लागला असता. मी एवढंच सांगितलं. भावजींनी मग चहा मागून घेतला. जाताना दारावरची चिठ्ठी सोडवून नेली. यार्डाच्या फाटकावर त्यांची ड्युटी असते, तिथं हाच शब्द लिहिलाय का बघतो म्हणाले. (लिहिलेला नसेल. पण बघू देत.)

मोठ्यांना नमस्कार, प्राजक्ताला आशीर्वाद.

तुमची,
प्रमिला

ता.क. सोबत शाळेचा अर्ज आहे. त्यावर घरातल्या मोठ्या माणसाची संमती लागते. भावजी तयार आहेत, पण मोठ्या तुम्ही. अंगठा चालतो, मी विचारून घेतलंय. तरी मागच्या कागदावर तुमचं नाव ठळक लिहून दिलंय, चारच अक्षरं आहेत. अर्ज शनिवारपर्यंत आला की झालं. मास्तर म्हणतात, चार अक्षरांना तीन दिवस पुष्कळ.

आणखी ता.क. प्राजक्ता, आजीचा हात धरून लिहू नकोस. वाकडं आलं तरी तसंच पाठव.