साधी जाळी

प्रिय बाबा,

फोनवर हे बोलले असते तर दुसऱ्याच वाक्याला “गिऱ्हाईक आलंय” म्हणून तुम्ही फोन ठेवला असता. पत्र मात्र तुम्ही मापाच्या वहीसारखं ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचता, म्हणून लिहिते आहे.

आधी चांगली बातमी. आमची नवी जाळी सोळा आठवडे शरीरातल्यासारख्या कोमट खारट पाण्यात आहे आणि तिची एकही गाठ सुटलेली नाही. तुम्ही शेजाऱ्यांना अजून “धाकटी किडे पाळते” असंच सांगता म्हणे. किडे नाहीत हो बाबा! रेशमाच्या धाग्यात काही तुकडे घट्ट असतात, काही सैल. घट्ट तुकड्यांनी बळ येतं आणि सैल तुकडे ताण सोसतात, तुमच्या तिरक्या कापलेल्या पट्टीसारखे. ते कोणत्या क्रमाने आणि किती घालायचे हे आम्ही ठरवतो, आणि पोलादी टाकीतले जीवाणू साखर खाऊन तसं प्रथिन बनवून देतात. त्याची जाळी विणून हर्नियाच्या जागी शिवायची. पोटाची भिंत भरून येईपर्यंत ती धरून ठेवते, मग हळूहळू विरघळते. मागे प्लॅस्टिक उरत नाही, शरीरात नाही आणि उकिरड्यावरही नाही.

शाळेत जायच्या आधी दोन वर्षं मी तुमच्या कटिंगच्या टेबलाखाली शिकले. अक्षरं गिऱ्हाइकांच्या नावांवरून, पाव-अर्धा-पाऊण टेपवरून. तुम्ही बाही उलटी करून आतली शिवण दाखवायचात आणि विचारायचात, बाईसाहेब, पास की नापास? मी नापास म्हटलं की चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर निमूट उसवायला बसायचात. आई म्हणायची, डोक्यावर बसवून ठेवा अजून.

गेल्या वर्षी माझ्यावर तीच वेळ आली. जाळीचा एक नमुना कोपऱ्यात सुटला होता आणि मी वहीत “कापताना फाटला” असं लिहून मोकळी झाले. खरं तर तो कापताना फाटला की आपोआप सुटला, हे मी पाहिलंच नव्हतं. दोन दिवस वही उघडून तेच वाक्य वाचत होते. शेवटी चाळीस नमुने पुन्हा भिजवून ताणून पाहिले, तर सहा सुटले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, तुला कोणी विचारायला आलं होतं का गं? आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी मात्र चष्मा काढला, वही दोनदा वाचली आणि म्हणाल्या, पोटात सुटण्यापेक्षा भांड्यात सुटली हे बरं, लाग कामाला. मग घट्ट तुकडे लांबवले, पुन्हा पहिल्यापासून. वर्ष गेलं त्यात, आणि माणसांवरची चाचणीही तेवढीच लांबली. पण ती होणार आणि ही जाळी टिकणार, याबद्दल मला शंका नाही. कुलूप लावल्यावर तीनदा मागे फिरणारी मी हे म्हणते आहे, यावरून काय ते समजा.

आता ज्यासाठी बसले ते. आईने रविवारी सगळं सांगितलं. इस्त्री करता करता तुम्ही खाली बसलात, पोटावरची हर्नियाची गाठ अर्धा तास आत जाईना, आणि तिला म्हणालात, गॅस झालाय, पोरीला कळवू नकोस. दोन वर्षं पट्टा बांधून थांबला आहात आणि डॉक्टरांना सांगता, लेकीची जाळी येऊ द्या. बाबा, ती तुम्हाला मिळणारच नव्हती. चाचणीत आमच्या घरच्या माणसांना घेत नाहीत, आणि हा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तुम्ही माझ्यासाठी थांबलात याचा मला इतका अभिमान वाटायचा की मी गप्प राहिले. त्या गाठीत आतडं अडकून राहिलं असतं तर तुमच्या जिवावर बेतलं असतं, माझ्या त्या गप्प राहण्यामुळे. म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलून मंगळवारी सकाळी नऊची ऑपरेशनची वेळ घेतली आहे. साधी जाळी, हजारो लोकांच्या पोटात नीट बसलेली. रिकाम्या पोटी जायचं, चहाचा घोटसुद्धा नाही. मी सोमवारी दुपारी पोचते. रागवायचं असेल तर भूल उतरल्यावर सावकाश रागवा, मी उशाशीच बसलेली असेन.

तुमचीच,
धाकटी