नको इतकं शुद्ध

डोंबिवली पूर्व,
ऑगस्ट १९९४

तीर्थरूप दामाजीमामांना,

चंदूचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही ठीक, तुमच्या सुनेचा खोकला सोडला तर (कारखान्यांच्या बाजूला राहणारे सगळेच खोकतात, त्यामुळे त्याला कुणी आजार म्हणत नाही).

पेढे कसले वाटलेस, म्हणून विचारलंत. मामा, ते पेढे जरा घाईचेच झाले. आमच्या कारखान्यात जंतांचं औषध बनतं. ते ज्या द्रवात विरघळवतात त्याच्या वासाने डोकं धरतं, आणि उरलेली घाण नाल्यातून खाडीला जाते. मी वर्षभर खपून तेच औषध पाण्यात, थोडं स्पिरिट घालून बनवून दाखवलं. प्रयोगशाळेत, चहाच्या किटलीएवढ्या भांड्यात. शेठ खूश! म्हणाले, "आता मोठ्या भांड्यात लाव." लावलं. पण पावसाळी हवेत ते वाळेचना. त्याची अशी चिक्की झाली की आमचे कामगार पोपट आणि सहदेव घण घेऊन बसले, आणि शेठ शेजारी उभे राहून "हळू रे, औषध आहे ते!" म्हणत होते.

दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. कापरासारखं पांढरंशुभ्र! तपासणी विभागाच्या नीलाबाईंनी पुन्हापुन्हा तपासलं, जुन्यापेक्षा शुद्ध निघालं. त्याच संध्याकाळी मी पेढे आणले (गाढवपणा, दुसरं काय).

मग परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस आला. पुडी उजेडात धरून म्हणाला, "आमचं तर पिवळसर असतं." नीलाबाईंनी समजावलं, तो पिवळेपणा म्हणजे मळ आहे. तो म्हणाला, "असेल, पण मंजुरी त्या मळासकट मिळालीय." पद्धत बदलायची तर नवे नमुने करा, ते वर्षानुवर्षं ठेवून तपासा, इथली-तिथली मंजुरी पहिल्यापासून घ्या. तोवर माल कोण घेणार? शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चंदू, तुझं चांगलं आहे रे. पण चालू आहे ते चालू दे." ओरडले असते तर मी भांडलो तरी असतो.

सोमवारी त्या जुन्या द्रवाची पिंपं पुन्हा आली. नीलाबाईंनी जेवताना नुसता आपला डबा माझ्याकडे सरकवला.

मामीला नमस्कार सांगा.

तुमचा,
चंदू

ता. क. : नामाच्या हाती खाडीची मासळी पाठवता, ती आता नको. मामीला म्हणावं, चंदूने श्रावण धरलाय, आणि यंदा तो लांबणार आहे.

आणखी एक : तुम्ही काय खावं हे सांगायला मला तोंड नाही. पण तुमच्या गोदाच्या बाळाला तरी ती देऊ नका, मामा.