अवेळी भरलेली ओटी

मुक्काम शेवरेबंदर, जिल्हा रत्नागिरी
श्रावण शुद्ध दशमी, सन १९३५

तीर्थरूप महिपतीमामा, वडगाव मावळ, यांच्या पायांशी भाचा सोपान याचा लांबूनच दंडवत. (जवळून घातला असता, पण मध्ये सगळा सह्याद्री आडवा पडलाय.) तुमचा दमा, मामींचे गुडघे आणि कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून बसणारी तुमची दोस्तमंडळी बरी असतील असं धरून चालतो. मीही बरा आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. अंगावरचं धोतर दोन महिन्यांत एकदाही पुरतं वाळलेलं नाही. भाकरीला, उशीला, काड्याच्या पेटीला, सगळ्याला सुकटीचा वास येतो. या कागदालाही येत असेल, तर मामींनी नाकाला पदर लावून ऐकावं.

तुमचं पत्र गेल्या शुक्रवारी पोचलं. लोणावळ्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनची जागा तुम्ही माझ्यासाठी धरून ठेवलीय, एक सप्टेंबरला हजर व्हायचं, आणि या खेपेला आलो नाही तर आबा घरात माझं नाव काढू देणार नाहीत, हे सगळं नीट समजलं. पोराच्या पायाला भिंगरी लागलीय, घरी आंबीत टिकला न्हाई, खंडाळ्याच्या खडीवर टिकला न्हाई, असं आबा चावडीवर सांगत फिरतात, तेही समजलं. मामा, मी येणार. इथं राहायला आहेच काय? पाणी. नुसतं पाणी, आणि तेही असलं की पिता येत नाही, शेताला सोडता येत नाही, त्यात धुतलेला सदरा मिठानं उभा राहतो. आपली इंद्रायणी बघा, आली की सरळ पुढं जाते, पाठीमागं वळून बघत नाही. हा दर्या दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा निघून जातो. विसरभोळ्या माणसासारखा. उंबऱ्यापर्यंत यायचं, काहीतरी आठवल्यासारखं करायचं आणि परत फिरायचं. याला का कुणी देव म्हणावं?

पावसाचंही तसंच. लोणावळ्याला पाऊस पडतो तो उभा पडतो, माणसासारखा. डोक्यावर इरलं घेतलं की त्याचं तुमचं काही भांडण नाही. इथला पाऊस आडवा येतो, इरल्याच्या खालून शिरतो आणि मानेवरून बाहेर पडतो. आणि इथल्या लोकांना त्याचा अभिमान! मी एकदा म्हणालो की आमच्याकडं याच्या दुप्पट पडतो, तर माझी खानावळवाली रतनबाई (कोळीण आहे, विधवा, जीभ म्हणजे कोयता) म्हणाली, "पडत असंल रं घाट्या, पन तुमच्या पावसाला माप घेनारा कोन हाय? बेडूक?" घाटी, घाटी, घाटी. सोपान हे नाव इथं फक्त टपालवाल्याला माहीत आहे.

माझं काम काय ते तुम्ही विचारलंत. आबांना "आगबोटीच्या एजंटाच्या पेढीवर आहे" एवढंच सांगा, ते खरं आहे. बाकीचं तुमच्यापुरतं ठेवा. आगबोट काठाला लागत नाही, ती लांब उभी राहते. उतारू पडावातून काठाजवळ येतात, आणि तिथून कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना कोरडं आणायचं असतं, ते खांद्यावर बसवून. तो खांदा माझा. मावळातल्या मराठ्याच्या खांद्यावर पालखी बसावी, निदान नांगर बसावा. माझ्यावर चिपळूणचे वकील बसतात. त्यातून काठाच्या लाटा म्हणजे नुसता दंगा. मी पहिल्या आठवड्यात सरळ चालत गेलो, तर मागून आलेल्या लाटेनं मला आणि एका वकिलाला असं पालथं घातलं की त्यांची पगडी तिसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या काठाला सापडली. नंतर मला सांगण्यात आलं की लाटा मोजायच्या असतात. लहान, लहान, मग एकामागून एक तीन दांडग्या, आणि त्या फुटल्या की चार श्वास पाणी गप्प बसतं. त्या चार श्वासांत चालायचं. शिवाय लाट फुटायच्या आधी तिची पाठ बघायची. पाठ हिरवी असली तर ती काठापर्यंत पोचते, पाठ मातकट असली तर आधीच मोडते. वारा जमिनीवरून असला तर लाट उभी राहते आणि उशिरा फुटते, वारा समुद्रावरून असला तर ती आळशासारखी लोळत येते. या असल्या गोष्टी माणसाला पहाटे उठून बघाव्या लागतात, म्हणजे बघा किती वायफळ देश आहे. (भरतीची वेळसुद्धा हिशेबानं काढतात. तिथीची पाऊणपट केली की तास निघतो. शाळेत पावकी झाल्यावर मास्तरांनी मला हाकललं होतं, त्यामुळं पाऊणकी राहून गेली. ती शेवटी या खाऱ्या पाण्यानं पाठ करून घेतली, आणि छडी मास्तरांपेक्षा जोरात मारली.)

आता खरा घोटाळा सांगतो. त्याच्यामुळंच मी तुमचं पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो नाही. वैशाखाच्या शेवटी आगबोटी बंद होतात. कोळी आपल्या होड्या वर ओढून पेंढ्यानं शाकारून ठेवतात आणि दोन-अडीच महिने दर्याकडं पाठ करून बसतात. का, तर म्हणे दर्या बंद. मी म्हटलं, कुलूप कुठं दिसत नाही. तर लखमा तांडेल, म्हणजे इथल्या सगळ्या होडीवाल्यांचा म्होरक्या, साठीचा, पाय धनुकलीसारखे वाकडे, तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. उत्तर द्यायची याची हीच पद्धत. आपल्या म्हशीची आठवण येते.

ज्येष्ठाच्या अमावास्येला उधाण आलं. आदल्या तीन दिवसांत वर घाटात पाऊस झाला असणार, कारण खाडीच्या तोंडातून लाल पाणी समुद्रात शिरलं आणि सगळा काठ गढूळ झाला. मामा, तुम्हीच सांगा, लाल पाणी आलं की आपण काय करतो? आई आणि धोंडामावशी खण, नारळ, हळदकुंकू घेऊन इंद्रायणीवर जातात आणि पहिल्या पुराची ओटी भरतात. गेल्या वर्षी मी घरी नव्हतो, या वर्षीही नाही. मनात आलं, हे लाल पाणी कुठल्या तरी आपल्याच डोंगराचं असणार, आणि इथल्या कुणा एका बाईला त्याची ओटी भरायची अक्कल नाही. (अक्कल नाही हे खरंच. आपल्याकडचं काही यांना माहीत नसतं.) बाई माणूस माझ्याजवळ नाही, तेव्हा मीच आंघोळ केली, एजंटाच्या देव्हाऱ्यातला नारळ उचलला, रतनबाईच्या कुंकवाच्या करंड्यातलं जुनं कुंकू (तिला आता लागत नाही) चिमूटभर घेतलं, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन दर्याची यथासांग ओटी भरली. नमस्कारही केला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मागं वळलो तर काठावर अख्खा कोळवाडा उभा. रतनबाई पुढं. "मुडद्या, काय केलंस ह्ये?" म्हणाली. मी म्हटलं, ओटी भरली. तर बाया रडायला लागल्या, बाप्ये शिव्या द्यायला लागले, आणि एक म्हातारी माझ्या पायांकडं बघून थुंकली. मग कळलं ते असं. इथं नारळ दर्यात पडतो तो वर्षातून एकदाच, श्रावणी पौर्णिमेला, तांडेलाच्या हातून. तो पडला की दर्या उघडला, होड्या सोडायच्या. त्याच्या आधी कुणी नारळ टाकत नाही, कारण टाकला तर दर्या उघडलाच, मग तो खवळलेला असो की कसाही. म्हणजे मी काय केलं, तर भर उधाणात, आकाश फाटलेलं असताना, यांच्या दर्याचं दार सताड उघडून ठेवलं. आपल्याकडं नारळ म्हणजे ये बाई, शांतपणे जा. यांच्याकडं नारळ म्हणजे चला, निघा. एकाच फळाचे दोन धर्म, आणि दोष माझा!

यावर शहाण्या माणसांनी काय केलं असतं? हसून सोडलं असतं. इथं तांडेलाचे दोन पुतणे, हिरू आणि पदू, वीस-बावीसचे बैल, महिनाभर घरात बसून कंटाळलेले. ते म्हणाले, दर्या उघडला ना? मग उघडला. आणि कुणाचं न ऐकता त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एक लहान होडी पेंढ्यातून उकरून पाण्यात लोटली. मी पेढीच्या ओट्यावर दात घासत होतो. मला तिथूनच दिसत होतं की गाढवं चुकीच्या वेळी निघालीत. दोनच दांडग्या लाटा झाल्या होत्या, तिसरी यायची होती, आणि तिची पाठ हिरवी होती. मी ओरडलो. घाट्याचं कोण ऐकतो? तिसरीनं होडी उभी केली, आडवी केली आणि वरून झाकली. हिरू आपसूक काठाला आला. पदूच्या पायात जाळं अडकलं होतं. मग मी गेलो. (आईला यातलं काही सांगू नका.) फार काही केलं नाही. पाणी कमरेएवढं, फार तर छातीएवढं. पेढीचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक तांडेलाच्या हातात दिलं, चार श्वासांत आत गेलो, जाळ्यासकट त्याला खांद्यावर टाकला आणि पुढच्या चार श्वासांत बाहेर आलो. वकिलापेक्षा हलका होता. त्याची आई माझ्या पाया पडायला लागली, आणि मला तिथून पळावं लागलं, कारण चूळ भरायची राहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, चला, फिटली ना चूक? छे. संध्याकाळी देवळात पंच बसले. मला मध्ये बसवलं. कुणी म्हणे याला हाकला, कुणी म्हणे याच्या हातून दर्याची माफी मागवा. रतनबाई बायकांच्या बाजूनं ओरडली, "हाकला म्हंजे? माझ्या दोन म्हैन्यांच्या भाकरी ह्याच्या पोटात हायत!" शेवटी लखमा तांडेल बोलला. दोन महिन्यांत मी त्याचं ऐकलेलं पहिलं लांब वाक्य: "नारळ ज्याचा, पयली होडी त्याची. पुनवेला मी नारळ टाकीन, पन पयल्या होडीत ह्यो बसल. ह्यो न्हाय बसला तर कुनाचीच होडी सुटनार न्हाय." झालं. सत्तर घरांच्या चुली, आणि त्या अडकल्या आंबीच्या सोपानच्या बुडाखाली. असली अडाणी माणसं मी आजवर पाहिली नाहीत. माझ्यासारख्या पाहुण्याची एक साधी चूक पोटात घालता येत नाही, आणि पदूला बाहेर काढला म्हणून वर म्हणे मी शुभ!

म्हणून पौर्णिमेपर्यंत थांबणं भाग आहे. ती येत्या बुधवारी. त्यानंतर खेडपर्यंत पायी, पुढं मोटार मिळेल तिथं मोटार, आणि महिनाअखेरीला तुमच्या दारात. स्टेशनमास्तरांना सांगून ठेवा. लोणावळ्याला निदान गाडी येते ती परत मागं सरकत नाही.

सर्वांना वयाप्रमाणं नमस्कार, आशीर्वाद. पत्र सुकवून मग वाचावं.

तुमचा ओला भाचा,
सोपान

ता. क. स्टेशनमास्तर घाईत असतील तर जागा माझ्यासाठी अडवून ठेवू नका. धोंडामावशीचा नथू आहे ना? तो एका जागी उभा राहू शकतो. लहानपणी त्याला खांबाला बांधल्यावर सोडवायलाही विसरायचो आम्ही, आणि तो तक्रार करायचा नाही. पॉइंटमनला आणखी काय लागतं?

ता. क. दुसरा. मामा, पौर्णिमेपर्यंतच थांबायचं आहे, हे वर लिहिलं ते पंचांनी म्हटलं तेवढंच. खरं असं की तुमचं पत्र यायच्या आधीच्या सोमवारी लखमा तांडेल माझ्याकडं आला, अर्धा तास बघत बसला, आणि म्हणाला की हंगामभर त्याच्या होडीच्या पुढच्या टोकाला लाटा मोजायला माणूस हवा, पदूला आता भीती वाटते. मी हो म्हणालो. तुमचं पत्र शुक्रवारी आलं. सोमवार आधी येतो, यात माझा काय दोष? जागा नथूला द्या, आणि आबांना तुम्ही सांगा. मी लिहिलं तर ते कागद फाडतील, तुम्ही सांगितलं तर निदान पुरतं ऐकतील. जेवण झाल्यावर सांगा, बैल सोडून ठेवल्यावर, हातात चाबूक नसताना. भिंगरी थांबली असं म्हणा. म्हणजे जागी थांबली नाही, पण एका पाण्यावर थांबली.

ता. क. शेवटचा. आबा नक्की विचारतील, पोराला पोहता येतं का. व्हय म्हणा. बुधवारला अजून पाच दिवस आहेत, आणि शिकवताना रतनबाईनं हनुवटी धरली तर मी आजच तरंगतो.