तिसऱ्या थराखालची खाण

आत्या, यंदा मी माळवदावर माती घातली नाही. लेक म्हणाला पत्रे टाकू, सून म्हणाली निदान ताडपत्री तरी अंथरू. मी दोघांनाही हो म्हणाले आणि काहीच केलं नाही. व्हायचं तेच झालं. श्रावणात तुमच्या जात्याच्या कोपऱ्यात पाणी ठिपकायला लागलं आणि आता तिथे एक पातेलं कायमचं मुक्कामाला आलंय. तुम्ही असतात तर पातेल्याआधी माझी खबर घेतली असती. आत्ता घरात मी आणि तुमचा लेक, दोघंच आहोत. तो ओट्यावर बसून आहे. उसाच्या मोळ्या वाहून वाहून त्याची कंबर कामातून गेली, काठीशिवाय उठता येत नाही. माझा लेक, तुमचा नातू, ट्रॅक्टरवर गेलाय. सून कुठे गेली ते सांगायलाच बसले आहे, पण तुम्हाला माहीतच आहे, मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही.

तुमची सून होऊन आले तेव्हा मला वाटायचं, माती म्हणजे माती. माहेरची आमची काळी, कपाशीची. तुम्ही पहिल्याच वैशाखात मला गायरानात नेलंत, ओढ्याच्या तुटलेल्या काठाशी उभं केलंत आणि काठाला हात लावून एकेक थर दाखवलात, नव्या सुनेला स्वयंपाकघरातले डबे दाखवतात तसे. सगळ्यात वर पांढरा पापुद्रा, पायाखाली कुरकुरणारा, वासरं चाटतात तो. त्याच्याखाली वीतभर राखी माती, पिठासारखी हलकी. गवताची मुळं तेवढ्यातच आडवी पसरलेली. मग तिसरा थर. तो बघून मी दचकलेच होते. उभे खांब, एकाला एक चिकटून, डोकी गोल, आणि इतके टणक की खुरपं आपटलं तर हाताला झिणझिण्या. गवताचं मूळ तिथपर्यंत येतं, टेकतं आणि वळतं. खाली कुठेतरी ओल असते, पण तिला गाठता येत नाही. त्याच्याही खाली पिवळसर, चुनखडीचा, मऊ चौथा थर. या रानाला चोपण म्हणतात, इथे ज्वारी काय, कुसळही धड येत नाही, म्हणून ते गायरान राहिलं, हे तुम्ही सांगितलंत. आणि हेही सांगितलंत की जी माती पाणी खाली जाऊ देत नाही तीच डोक्यावर घालायची. तिसऱ्यातली जास्त, दुसऱ्यातली थोडी, भिजवून तुडवायची आणि माळवदावर अंथरून थापीनं बडवायची.

एकदा मी घाईत वरचा पापुद्राच घमेल्यात भरून आणला होता. तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवलात, आमटीचं मीठ बघावं तसा, आणि थुंकलात. सगळ्या आळीसमोर म्हणालात, "डोळे हायत का भोकं? ह्ये मीठ पैल्या पावसात इरघळंल आन् छप्पर समदं चुलीत यील." बायका हसल्या. मी ते घमेलं परत ओढ्यावर नेऊन ओतलं आणि तिथेच बसून रडले. रडण्याचं कारण घमेलं नव्हतं. आदल्याच रात्री जेवताना मी बीडचं काढलं होतं. बारावीला मला मार्क बरे होते, डीएडला नंबर लागेल असं भाऊ सांगून गेला होता. तुम्ही भाकरी थापत म्हणालात, कोयता मोडायचा का? विषय संपला. बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं की ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतलं एक माणूस घरी राहिलं की मुकादम उरलेल्याला अर्धा कोयता म्हणतो आणि अर्ध्याला टोळीत कोणी विचारत नाही. मी बीडला गेले तर तुमचा लेक अर्धा होणार होता. मी इथे राहिले तर मी किती उरणार, हे कोणी विचारलं नाही.

तिसरा थर वरून खणायचा तर पहार आणि बाप्ये लागतात, आणि माळवदाच्या मातीला बाप्ये कधी आले आहेत? म्हणून आळीतल्या बायकांनी आपली युक्ती काढलेली. ओढ्याच्या बाजूनं मऊ चौथ्या थरात शिरायचं, खालची माती ओढून काढायची, म्हणजे वरचे खांब आधार सुटून आपोआप पडतात. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. खांब पडायच्या आधी बाहेर यायचं, एवढीच अट. पुढच्या वैशाखात आत शिरायची पाळी माझी होती. मी उकिडवी बसून पिवळी माती मागे ओढतेय. डोक्यावर काही वाजलंसुद्धा नाही. एकदम अंधार झाला, आणि मी छातीपर्यंत गाडलेली. भुसभुशीत माती असती तर हात तरी हलले असते. ही ढेकळं दगडासारखी, एकात एक अडकलेली. मी श्वास सोडला की तेवढी जागा ती घेत होती. बाकीच्या बायका ओरडत गावाकडे पळाल्या. तुम्ही पळाला नाहीत. माझ्या डोक्यावर एक खांब अर्धा सुटून लोंबत होता. तुम्ही वाकून आत आलात आणि त्याला उजवा खांदा लावून उभ्या राहिलात.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तुमच्या पदरातून माती माझ्या तोंडावर गळत होती आणि तुम्ही डाव्या हातानं ती पुसत होतात. मी म्हणाले, आत्या, मला श्वास येत नाही. तेव्हा तुम्ही बोललात. "जीव सोडू नगं, पोरी. हितून निघालीस की जा तुज्या बीडला. कोयत्याचं मी बगते." तुम्ही मला त्याआधी कधी पोरी म्हणाला नव्हतात, आणि नंतरही नाही. माणसं पहारी घेऊन आली, त्यांनी मला उपसून काढलं. माझं काही मोडलं नव्हतं. पाय काळेनिळे झाले, पण पावसाच्या तोंडाला मी पाणी भरायला लागले होते. तुमचा खांदा मात्र गेला तो गेलाच. हात डोक्यापर्यंत जाईना, तुमची वेणी मी घालायचे. वेणी घालताना रोज वाटायचं, आज बोलतील. तुम्ही बोलला नाहीत, मीही आठवण दिली नाही. दसरा झाला, मुकादम येऊन अंगणात बसला. तुम्ही डाव्या हातानं शेंगा फोडत होतात, मान वर केली नाहीत. तो गेल्यावर म्हणालात, सामान बांध. मी बांधलं.

एका हातानं ऊस तोडता येत नाही हे मलाही कळत होतं. पण कळल्यानं राग जात नाही, आत्या, तो आतल्या आत टणक होतो. त्यानंतर तुम्ही मला खाणीत कधी उतरू दिलं नाहीत. डाव्या कमरेवर घमेलं घेऊन, थांबत थांबत, तुम्हीच माती आणत राहिलात आणि मी काठावर नुसती उभी. गावाला वाटायचं, सासू किती जपते. जपत होतातच. आणि मी, जिच्याखाली गाडले गेले होते, तीच माती डोक्यावर घेऊन इतकी वर्षं झोपले. कारखान्यावरून परत आलं की पहिल्या रात्री उताणी पडून मी वरच्या वाशांकडे बघायचे आणि छातीवर पुन्हा तीच ढेकळं यायची. उठून ओट्यावर जाऊन बसावं तर तुम्ही आतून विचारणार, काय झालं. मग तशीच पडून राहायचे. खांदा धड असता तर तुम्ही माझ्या जागी गेला असतात का, एवढं एकच मला विचारायचं होतं. तुम्ही होतात तोवर धीर झाला नाही. नाही म्हणाला असतात, तर तुमच्याबद्दल मनात जे थोडं बरं होतं ते मी कुठे ठेवलं असतं?

या उन्हाळ्यात शेतकी कॉलेजच्या पोरी गायरानात आल्या होत्या. त्यांनी चांगला चौकोनी खड्डा खणला, उतरायला पायऱ्यासुद्धा. मी शेळ्या घेऊन तिकडेच होते. त्यातली एक चष्मेवाली म्हणाली, मावशी, उतरा ना, भीती नाही. मी म्हटलं, इथूनच दिसतंय. तुम्ही दाखवलेलेच थर होते, पण तिनं मला त्याचं कारण सांगितलं, जे तुम्हालाही माहीत नव्हतं. या मातीत सोडियम फार. पाणी लागलं की त्यामुळे मातीचे कण एकमेकांना सोडतात, पिठासारखे होतात आणि सगळी बारीक भोकं बुजवून टाकतात. मग वरून कितीही पाऊस पडो, खाली थेंब जात नाही. वाळलं की पुन्हा दगड. मी विचारलं, मग यावर काहीच नाही का? ती म्हणाली, आहे, जिप्सम घालायचं, त्यानं सोडियम सुटतं, मग भरपूर पाणी द्यायचं, आणि ते पाणी निघून जायला खोल चर काढायचा. मी म्हटलं, आणि चर नाही काढला तर? "मग जे सुटलं ते तिथंच राहतं, मावशी. काही उपयोग नाही." इतकं साधं बोलली, आणि मी शेळ्या हाकलत घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळवत होते.

त्यानंतर लगेचच सुनेचा अंबाजोगाईला नर्सिंगला नंबर लागला. लेक जेवता जेवता म्हणाला, मग कोयता कुणाबरोबर लावू? सून माझ्याकडे बघायला लागली. मी पुढची भाकरी थापायला घेतली. बरेच दिवस त्यावर बोललेच नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मला तुमच्यासारखं वाटत होतं. घरातलं एक माणूस सकाळ-संध्याकाळ माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि ते मला आवडत होतं. दोन वर्षांपूर्वी ही सून आली तेव्हा मी पहिल्यांदा दसऱ्यानंतर घरी राहिले, हिवाळ्यात स्वतःच्या चुलीपुढे बसले. आता सुटलो असं वाटलं होतं. ती गेली की कोयत्याचं दुसरं माणूस कोण, हे घरात सगळ्यांना कळत होतं, फक्त म्हणत कोणी नव्हतं. एक दिवस सून कणीक मळताना थांबली आणि हळूच म्हणाली, "आत्या, न्हाई जमत म्हणून कळवू का?" तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. तो नव्हता म्हणून मला धसकाच बसला. मी बाहेर येऊन लेकाला म्हटलं, "मुकादमाला माजं नाव सांग. कोयत्याला मी येते." तो हसला, त्याला थट्टा वाटली. मग म्हणाला, "आई, तुज्यानं व्हईल का?" मी म्हटलं, न व्हायला काय झालं, तुझ्या बापाला कोपीवर बसवू, झोपडी राखायला, मी तोडते.

आज सकाळी ती गेली. नेकनूरला स्टँडवर मी सोडायला गेले होते. बस लागली, ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, आता रडेल, निदान हात तरी करेल. ती ड्रायव्हरच्या काचेतून समोर रस्त्याकडे बघत होती. बस वळली तरी तिनं मागे पाहिलं नाही. मी पायी घरी येईपर्यंत तिला मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. आळीतल्या बायका ओट्यावर येऊन म्हणाल्या, मन मोठं लागतं बाई. मोठं मन वगैरे काही नाही. मला तिचा हेवा वाटतो, आणि तिच्या जागी मी असते तर मीही मागे पाहिलं नसतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. तुम्हाला जिवंतपणीही अक्षर लागत नव्हतं, म्हणून तर इतकं मोकळं लिहवलं. दसरा जवळ आलाय. लेकाला मी दंड वळवून दाखवते, म्हणते, बघ, अजून पाच-सहा हंगाम ओढीन, आणि तो हसतो. तुमच्या लेकाला म्हणते, चल, तुलाही जरा हवापालट. तोही हसतो. आत्या, मला जायचं नाहीये.