पाण्यातला खापरांचा गोळा

माय, वाडग्यातला तो गोळा बोटांनी दाबला आणि तो फुटला नाही, त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही वर्षं लोटली, हे पहिली ओळ लिहून झाल्यावर ध्यानात आलं.

अकोल्यात कापसाला असा भाव आलाय की जो तो गाठी दाबायचा कारखाना काढतोय. एका कारखान्याच्या हौदाचं काम ज्या ठेकेदारांकडे आहे, त्यांच्या मुलीपायी मी पुण्याचं कॉलेज अर्ध्यात टाकून आलो. त्यांनी मला चुना मळायच्या घाणीवर बसवलं. इथे झामा, म्हणजे भट्टीत करपून काळी पडलेली वीट, कुटून चुन्यात घालतात. कडक विटेचा चुना कडक, असा हिशेब. पण हौद भरला की गळतो.

तुझं उखळ आठवलं. तू मोरीच्या गिलाव्यासाठी फुटक्या माठांची खापरं कुटते आहेस, लाल धूळ माझ्या नाकात. मी मोठ्या ऐटीत झाम्याचा तुकडा आणून देतो आणि तू तो उकिरड्यावर भिरकावतेस. काहून फेकला, असं विचारत मी भांडतो.

"जळून मेला तो. चुना त्याले धरत नाही."

म्हणून चुन्याचे दोन गोळे केले, एक झाम्याचा, एक खापरांचा, आणि पाण्यात ठेवले. झाम्याचा चिखल झाला. तुझा दगड झाला. कच्ची माती पाण्यात विरते, बेताने भाजली की चुन्याला धरते, फार भाजली की पुन्हा सोडते. मधे आगीत तिचं होतं तरी काय? जेवतानाही तेच डोक्यात.

दोन्ही वाडगी ठेकेदारांपुढे आपटली, सगळ्या गवंड्यांदेखत. तुमचा हौद गळणारच, म्हणालो.

"पुण्याहून हेच शिकून आला का?"

"पुण्याहून नाई, मायच्या उखळातून."

ते हसले, मग हसू गिळून म्हणाले, "बाजूचा लहान हौद बांध तुया खापराचा. गळला तं पोरीचं नाव काढू नको."

हौद बांधला, वाळला. आज सकाळी त्यात पाणी सोडलंय. तिकडे जायला पाय उचलत नव्हता, म्हणून हे लिहीत बसलो.

एक सांगतो, हसू नको. काल ती समोरून पाणी घेऊन गेली. माझ्याकडे बघत होती म्हणे. मी तिच्या मातीच्या घागरीकडे बघत होतो, ही किती भाजली असेल म्हणून.

कागद कोनाड्यात ठेवतो. उठलो. दार ओढून हौदाकडे निघतो.